पेंग्विनच्या पोटातला दुपट्टा

बाबा मला सोडायला मेहकरच्या बस स्टँडवर आले, ते बँडच्या ड्रेसमध्येच. मे महिन्यातली दुपार. एक लग्न वाजवून झालं होतं, दुसरं चारचं होतं, आणि मधल्या वेळात लेकीला वाटेला लावायचं होतं. लाल जाड कोट, खांद्यावर सोनेरी झालर, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, आणि टोपीखाली ओला दुपट्टा. बस हलायच्या आधी त्यांनी तो दुपट्टा काढला, रसवंतीवाल्याच्या पिंपात बुचकळला आणि खिडकीतून माझ्या गळ्यात टाकला. "वाळला का पुन्ना भिजव. कंटाळा करू नोको," एवढंच म्हणाले. माय पदर तोंडावर धरून उभी होती. उन्हासाठी धरला होता की रडण्यासाठी, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

डोणगाव येईपर्यंत दुपट्टा कोरडा ठाक. मी बाटलीतल्या पाण्यानं भिजवला. अकोल्याला गाडी पकडेपर्यंत चारदा तरी भिजवला असेल. खिडकीतून झळ यायची आणि गळ्याशी पोचली की गार व्हायची. तेव्हा वाटलं, बाबांनी त्यांच्याकडची सगळी विद्या मला देऊन टाकली, आता जगात कुठंही जावं.

मेहकरच्या ट्रेनिंग सेंटरमधून मला चेन्नईजवळ, समुद्राकाठच्या एका करमणुकीच्या पार्कात नोकरी लागली होती. काम तिकीट खिडकीवरचं. पण मला तमिळ येईना, आणि माझं हिंदी ऐकून माणसं बुचकळ्यात पडत. आठवडाभर वाट पाहून साहेबांनी मला पेंग्विन केलं. पेंग्विनला बोलावं लागत नाही. हात हलवायचा, डोलत चालायचं, पोरांनी मिठी मारली की मारू द्यायची. घरी फोनवर मी "गेस्ट रिलेशन" असं सांगितलं. माय म्हणाली, "मंजे पाव्हण्याईचंच काम न वो? मंग बरं हाये."

पहिल्या दिवशी मी घरचं शहाणपण वापरलं. दुपट्टा चिंब भिजवून डोक्याला आणि छातीला गुंडाळला, वरून पेंग्विनचा जाड पोशाख चढवला आणि गारव्याची वाट बघत उन्हात डोलू लागले. गारवा काही येईना. दुपट्टा आधी कोमट झाला, मग गरम, आणि चोचीच्या जाळीतून दिसणारा समुद्र पांढरा व्हायला लागला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोत मी आडवी झाले. डोळे उघडले तेव्हा सुपरवायझर सेल्वम अण्णा माझ्या तोंडावर पंखा धरून ओरडत होते, "पागल है क्या? अंदर पानी डाला! तुम इडली बन गया!" मला मात्र हसू आलं नाही. बाबांची विद्या इथं चालत नाही, याचंच रडू आलं.

त्यानंतर मला बर्फाचं जॅकेट मिळालं. पातळसं, पुढं-मागं खिसे असलेलं. त्या खिशांत फ्रीजरमधल्या निळ्या पिशव्या घालायच्या, जॅकेट बनियनवर चढवायचं आणि वर पेंग्विन. अर्ध्या तासाचा फेरा झाला की आत यायचं, पिशव्या बदलायच्या. पाठीला ती पहिली गार पिशवी टेकली की मला दर वेळी घर दिसतं. खोटं नाही सांगत. बाहेर पोरं किंचाळत असतात, आणि मी मात्र पहाटेच्या हरभऱ्यातून चाललेली असते. पोटऱ्यांना दव लागतंय, आणि निंबाखाली बाबा क्लॅरिनेटवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटताहेत. मग कुणीतरी शेपटी ओढतं आणि निंब निघून जातो. माझ्यासारखे जे जे घरातून निघाले, त्या सगळ्यांना अशी एखादी पिशवी कुठंतरी टेकत असणार.

मागच्या उन्हाळ्यात मायचा फोन आला. भरदुपारच्या वरातीत वाजवता वाजवता बाबा खाली बसले, ते त्यांना उठताच येईना. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता उन्हात तो कोट घालायचा नाही, पुढच्या वेळी जिवावर बेतेल. आणि कोटाशिवाय बँडच्या रांगेत कुणी उभं करत नाही. मायनं फोन बाबांकडे दिला तेव्हा मी म्हटलं, बाबा, सोडा आता, मी आहे ना. ते म्हणाले, "कोट काहाडला तं मी कोन राह्यलो वो?"

मी स्वतः बोलायचंही सोडून पेंग्विन झाले होते.

सेल्वम अण्णांना मी तोडक्यामोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. बर्फाचं जॅकेट पाठवून उपयोग नव्हता, आमच्या घरी फ्रीज नाही. अण्णा स्टोअरमध्ये गेले आणि धूळ खात पडलेलं एक राखाडी जॅकेट घेऊन आले. हे नुसतं पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि घालायचं. "इधर बेकार," ते म्हणाले. "हवा ही गीला है, पानी सूखेगा किधर? तुम्हारा गाँव में चलेगा." साहेबांना विचारून त्यांनी ते मला देऊन टाकलं.

जॅकेट पोचलं आणि बाबांचा फोन आला. "पोरी, हा तं आपला दुपट्टाच हाये. शिवून देल्ला फक्त." मागून मायचा आवाज, "अन् कोटाच्या आत वारा कुठून जाईन, ते पुसलं का कोनाले?" माय शाळेत फार गेली नाही, पण मी पेंग्विनमध्ये का पडले, ते तिनं मला त्या एका वाक्यात समजावलं. पाण्याचं काम अर्धं, बाकीचं अर्धं वाऱ्याचं. तिनं कोटाची पाठ उसवून तिथं जाळीचं कापड लावलं, काखेतली शिवणही उघडी केली. आता बाबा पुढून साहेब आणि मागून मच्छरदाणी. दर दोन गाण्यांनंतर माय तांब्याभर पाणी पाठीवर ओतते, आणि वऱ्हाडी मंडळी हसतात. हसू देत. या उन्हाळ्यात ते सगळ्या वराती उभ्यानं वाजवून आले.

माझा दुपट्टा इथं हॉस्टेलच्या दोरीवर असतो. रात्री धुतला तर सकाळी तसाच ओला. इथं माझी नोकरी आहे, सेल्वम अण्णा आहेत, आता तमिळमध्ये भांडताही येतं. हे माझं गाव नाही, असं म्हणवत नाही. पण सुट्टीला निघाले की मी गाडीच्या बेसिनमध्ये दुपट्टा भिजवते, गळ्यात घालते आणि खिडकीला डोकं लावून झोपते. आंध्र जातो, तेलंगण जातो, दुपट्टा ओलाच. मग झोपेत कधीतरी गळा हलका होतो. हात लावून बघते, तर कोरडा ठाक. बाहेर कोणतं स्टेशन आहे, ते मला बघावं लागत नाही. उठते आणि पुन्हा भिजवून येते.