चीफसाहेबांचं इंजिन

चीफसाहेबांनी माझ्या मिक्सरला मोठी मोटर बसवून दिली, त्या दिवशी खोबऱ्याची चटणी छताला लागली. झाकण कपाटामागे सापडलं, तेही दोन दिवसांनी. चीफसाहेब मात्र छताकडे बघून समाधानानं म्हणाले, "आता दम आला बघा." मिक्सर आधीही बरा चालत होता. पण त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक यंत्रात दम कमी होता. माझ्या दुकानातला पंखा, गिरणीची मोटर, शेजारच्या बागेतला पाण्याचा पंप, सगळ्यांना एकच निदान.

पावस गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चढ सुरू होतो तिथे माझं भांड्यांचं दुकान आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला चीफसाहेबांचं घर. उभी हयात त्यांनी मालवाहू बोटींवर काढली, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनिअर म्हणून. निवृत्त होऊन आले तरी त्यांना नावानं कोणी हाक मारली नाही. घरातही ते स्वयंपाकघराला गॅली म्हणत आणि गॅस संपला की "बंकर संपलं" असा निरोप पाठवत. त्यांच्या पत्नी रुकय्याभाभी मला सांगायच्या, "सुमन, या माणसाचा पगार थांबला, ड्युटी नाय थांबली."

भाभींनी मुलं वाढवली, घर बांधून घेतलं, सासूसासऱ्यांचं केलं, सगळं एकटीनं. चीफसाहेब सुटीवर येत आणि दर सुटीत सांगून जात, एकदा निवृत्त झालो की तुला गाडीतून फिरवीन. गाडी त्यांनी आणलीही. गोव्यातल्या कोणा हौशी माणसाकडून घेतलेली, लाल, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी अशी जुनी स्पोर्ट्स कार. मी विचारलं, "यात सामान कुठे ठेवायचं?" म्हणाले, "सुमनताई, ही सामानासाठी नाय. वाऱ्यासाठी."

पहिल्या फेरीला भाभी नवा ड्रेस घालून, मांडीवर सांदणांचा डबा घेऊन बसल्या. पावसला त्यांची बहीण राहते, तिच्याकडे निघाले होते. सगळी आळी रस्त्यावर. गाडी झोकात निघाली आणि चढाच्या मध्यावर धापा टाकू लागली. इंजिन म्हातारं, चढ खडा. चीफसाहेब हळूच म्हणाले, "रुकय्या, जरा उतर." भाभी उतरल्या. गाडी मोकळी वर गेली आणि भाभी डबा घेऊन मागून चालत निघाल्या. वरून टोपली घेऊन येणारी मासेवाली थांबून म्हणाली, "भाभी, डबा तरी गाडीत ठेवायचात!"

त्या दिवशी भाभी यष्टीनं परत आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "मला न उतरवता वर नेईल त्या दिवशी बसेन. तोवर तुमचा वारा तुम्हीच खा." नंतर त्या कधी बसायचं नाव काढेनात. बहिणीकडे जायचं तर यष्टी. चीफसाहेब दारात लाल गाडी उभी करून थांब्यावर त्यांना सोडायला जात. पायी. एकदा तिथून परतताना माझ्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "जन्मभर डोंगराएवढं लोखंड समुद्रापार नेलं. बायको चढवता येत नाय."

मी म्हटलं, "मग दुसरी गाडी घ्या. साधी, चार दारांची."

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, की जणू मी त्यांना दुसरी बायको करा असं सांगितलंय.

हातखंब्याच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना इंजिन मिळालं. गाडी हायवेवर चेंदामेंदा झालेली, इंजिन धड. ताकद जुन्याच्या दुपटीहून जास्त. परवानग्यांचे सोपस्कार त्यांनी मुकाट्यानं केले आणि मग अंगणातल्या फणसाच्या फांदीला चेनपुली लागली. पुढचे काही महिने मला गिऱ्हाइकांशी ओरडून बोलावं लागलं. पण खोटं कशाला बोलू, मजाही येत होती. नवं इंजिन बसवायचं तर गिअरबॉक्स बदला, रेडिएटर मोठा घ्या, पत्रे कापून पुन्हा जोडा, एकातून एक निघतच होतं. ग्रीस लागलेल्या हातांनी चीफसाहेब इतके खूश की भाभी म्हणायच्या, "लग्नात असे हसले असते तर फोटो तरी बरे आले असते."

इंजिन बसलं आणि बॉनेट लागेना. चार बोटं वर राहिलं. चीफसाहेबांनी लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, उंची मोजलीच नव्हती. "बोटीवर इंजिनाच्या वर तीन मजले मोकळे असतात हो," म्हणाले. "वर बघायची सवयच नाय." दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा गोल कापून घेऊन दुकानात आले आणि एकेका भांड्यावर पालथा घालून बघू लागले. शेवटी ॲल्युमिनियमची मोठी कढई पसंत पडली. मी विचारलं, "भाभींना काय तळायचंय?" "तळायचं नाय. बॉनेटला भोक पाडून पालथी बसवायचीय. कान कापून द्याल काय?" कान कापून दिले. लाल रंग मारल्यावर कढई इतकी शोभली, की एक पोरगेला पाहुणा तिच्याबरोबर फोटो काढून गेला.

पहिल्या चाचणीला चीफसाहेब एकटेच बसले. गाडी चढावरून अशी गेली की माझ्या फळीवरचे पेले किणकिणले. वरून त्यांचा हॉर्न ऐकू आला. मग ते चढ उतरायला लागले, आणि त्यांचा आवाज आधी आला, "बाजूला! सगळे बाजूला!" चाकांतून धूर निघत होता. गाडी थांबली ती माझ्या दारातल्या प्लास्टिकच्या बादल्यांच्या उतरंडीत. लागलं कोणाला नाही. एक बादली मात्र थेट रस्त्याच्या खालच्या टोकाला असलेल्या पुलाच्या दिशेनं घरंगळत गेली.

भाभी पायरीवर उभ्या होत्या. "पळायची ताकद दुप्पट केलीत," त्या शांतपणे म्हणाल्या, "थांबायची?"

चीफसाहेब अजून बादल्यांतच बसले होते. "बोटीला ब्रेक नसतो," ते म्हणाले.

"मग थांबवतात कशी?" मी विचारलं.

"इंजिन उलटं फिरवायचं. तेही कॅप्टन वरून सांगेल तेव्हा."

"आजपासून मी सांगते," भाभी म्हणाल्या. "चढेल आणि थांबेल, दोन्ही दाखवा. मग मी."

ब्रेक बदलायला इंजिनापेक्षा जास्त वेळ गेला. या वेळी चीफसाहेबांनी सगळं दोनदा मोजलं. रोज सकाळी गाडी एकट्यानं वर न्यायची, उतारावर तीन ठिकाणी थांबवून दाखवायची, असा त्यांचा क्रम झाला. भाभी खिडकीतून बघत. एका शुक्रवारी खिडकी रिकामी दिसली. भाभी डबा घेऊन खाली उभ्या होत्या.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि स्कूटरवरून मागे निघाले. कोणीतरी मागे असायला हवं, एवढाच विचार. चढाच्या मध्यावर, बरोबर त्याच जागी, भाभींचा हात दाराच्या कडीवर गेलेला मला मागून दिसला. चीफसाहेबांनी गिअर बदलला. इंजिन गरजलं आणि गाडी वर गेली, जोरात, जणू आत कोणी बसलेलंच नाही. माथ्यावर त्यांनी ती कडेला घेतली. मी धापा टाकणारी स्कूटर घेऊन पोचले, तर ते बॉनेट उघडायला उतरत होते.

"आता काय?" भाभींनी विचारलं.

"इंजिन जरा बघतो."

"इंजिन बघायला मी बसले काय? चला! पुढे अजून चढ आहे ना?"

"आहे."

"मग?"

मग ते गेले, आणि मी परत येऊन दुकान उघडलं. त्यानंतर गाडी क्वचितच दारात दिसली. वेळणेश्वरला समुद्र बघायला जाऊन आले, गोव्याला जाऊन आले, पावसची बहीण तर यांच्या येण्याला कंटाळली. चीफसाहेब कुरकुरायचे, "मी चीफ होतो, हिनं ड्रायव्हर केलंन." आणि लगेच गाडी पुसायला घ्यायचे.

ते गेले ते दुपारी जेवून आडवे झाले असताना. कोणाला काही करायची संधी मिळाली नाही. चाळिसावा झाल्यावर भाभींनी गाडी विकायला काढली. लोक हळहळले, तेव्हा म्हणाल्या, "उभी ठेवून गंजवू काय? मला चालवता येत नाय." कोल्हापूरचा एक डॉक्टर आला. गाडी त्याला मनापासून आवडली, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. व्यवहार झाला, चहा झाला, आणि तो चढाच्या बाजूनं निघाला.

भाभी आणि मी पायरीवर उभ्या राहिलो. वळणानंतर गाडी दिसेनाशी झाली, आवाज तेवढा येत होता. मला तो नुसता आवाज होता. भाभी मान किंचित कलती करून ऐकत होत्या.

"आता गिअर बदलायला हवा," त्या म्हणाल्या.

आवाज तसाच ताणत वर चढला, आणि मग एकदम खाली येऊन मोकळा झाला.

"उशीर केलान," भाभी म्हणाल्या. "शिकेल."