भात्यातलं चौथं पान

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या दोघांचा चहा टाकायच्या बेतात होतो. दर शुक्रवारी संध्याकाळी ते मेहकरच्या बाजारातलं आपलं दुकान बंद करून माझ्याकडे यायचे. फोनवर त्यांचा मुलगा सलीम होता. "गुरुजी, अब्बा नाही राह्यले," एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला की नाही, तेही मला आठवत नाही. त्याला आता तीन महिने झाले.

हमीदभाई हार्मोनियम दुरुस्त करायचे. आसपासच्या भजनी मंडळांच्या, कव्वालांच्या, शाळांच्या पेट्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. सूर लावताना एक शब्द बोलायचे नाहीत, आणि एरवी गप्प बसायचे नाहीत. मी निवृत्त मास्तर, वडिलांच्या जुन्या पेटीवर जमेल तसं वाजवणारा. आमची ओळख पेटीमुळे झाली, पण मैत्री जुळली ती एका रद्दीच्या गठ्ठ्यामुळे. खामगावला कापसाच्या व्यापारातल्या कुण्या गोऱ्या साहेबाचा बंगला पाडला, त्यातली रद्दी फिरत फिरत त्यांच्या दुकानात आली. कागद जाड, चिवट. पेटीच्या भात्याला आतून कागद लावावा लागतो, नाहीतर हवा निसटते. त्या कामाला हा गठ्ठा म्हणजे घबाडच. वर्षभर त्यांनी खळ लावून लावून तो भात्यांत चिकटवला. अगदी तळाचं एक पान उरलं, ते घेऊन माझ्याकडे आले. "गुरुजी, ह्या रेघाईवर मुंगळे काऊन बसवले हो?"

शाळेच्या बँडपथकासाठी कधीकाळी मी ते पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलो होतो. ते पियानोचं संगीत होतं, एकोणिसाव्या शतकातलं. जेवणं आटोपली की साहेबांच्या दिवाणखान्यात घरातल्या बाईनं पाहुण्यांपुढे वाजवायचं, त्या जातीचं. रचनाही एका बाईचीच, नाव अर्धं कसरीनं खाल्लेलं. पानावर आकडा एक. पियानोला दोन्ही हात लागतात आणि पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकलेला, म्हणून वरची ओळ मी सारेगमात उतरवून दिली, ती त्यांनी त्यांच्या पेटीवर घेतली आणि खालची मी माझ्या. आम्ही बहुधा फारच संथ वाजवलं असेल, भजनाची सवय, दुसरं काय. पण पान संपलं आणि हमीदभाईंचा चेहरा उतरला. म्हणाले, "अन् पुढचं मीच चिकटवून टाकलं..."

तिथून हा माणूस झपाटला. बीबी, हिवरा आश्रम, थेट संग्रामपूर, अशी गावं पालथी घातली. एस.टी.नं जायचे आणि फुकट दुरुस्तीच्या नावाखाली पेट्या उघडायचे. लोकांना वाटलं, म्हातारपणी पुण्य जोडून राह्यले. बीबीकडच्या एका मंडळाच्या पेटीत दुसरं पान निघालं, हिवऱ्याकडच्या एका पेटीत तिसरं. वाफ देऊन पान सोडवायचं आणि त्या जागी कोरा कागद नीट लावून द्यायचा. माझ्या नातीनं पुण्यात पियानो शिकवणाऱ्यांना विचारलं, इंटरनेट धुंडाळलं, पण ही चाल कुणालाच ठाऊक नव्हती. हमीदभाईंना त्याचं कोण अप्रूप. "म्हंजे बाईचं हे गाणं साऱ्या दुनियेत आपल्या दोघाईलेच येते." पण तेही पुरतं येत नव्हतं. तिसरं पान भर चालीत तुटायचं. दर शुक्रवारी आम्ही तिथवर जायचो आणि थांबायचो.

एका शुक्रवारी त्यांनी सहज विचारलं, "तुमची पेटी एकडाव उघडून पाहू काय?" माझ्या पेटीचा भाता त्यांनी तो गठ्ठा वापरला त्याच वर्षी केला होता, आणि तेव्हापासून ती जन्मात बोलली नव्हती इतकी गोड बोलत होती. ती उघडायची मला भीती वाटली. "राहू द्या," मी म्हणालो, "माझ्या पेटीला तुम्ही पांढरा कागद लावलाय, मला पक्कं आठवतं." खरं तर मला काहीएक आठवत नव्हतं. "असन," ते म्हणाले आणि चहा प्यायले. पुन्हा कधी विषय काढला नाही. मी मात्र पुढे कितीतरी शुक्रवार त्यांच्यासोबत हळहळत राहिलो, चौथं पान कुठे गेलं असेल म्हणून.

चाळिसाव्याच्या फातिहाला हमीदभाईंच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी, भाभी, म्हणाल्या, "ते पान तुमच्याच पेटीत हाये म्हनत होते. बाकी साऱ्या पाहून झाल्या. मी म्हनलं, मांगून घ्या ना मंग. तं म्हने, गुरुजी एकडाव नाही म्हनले, आता त्याइले कशाले अवघड करा."

मला माझी लाज वाटली. भाभींकडे वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी सलीमला बोलावलं. त्यालाही बापाचा हात आहे. त्यानं भाता खोलला आणि आतून बॅटरी धरली. तिसऱ्या घडीत ते होतं, आकडा चार. "काढू काय, गुरुजी? हवा जाईन." म्हटलं, काढ. पानावर दोनच ओळी होत्या. पहिल्या पानाची चाल परत येते, जरा रेंगाळते आणि संपते. हमीदभाईंना ती पहिल्या झटक्यात आली असती.

सलीम कोरा कागद कापायला लागला तेव्हा मी म्हणालो, "राहू दे." "असन," तो म्हणाला, अगदी बापासारखं, आणि कात्री ठेवून दिली.

आता शुक्रवारी मी एकटाच बसतो. चारही पानं समोर ठेवून खालची ओळ वाजवतो, माझ्या वाट्याची तेवढीच. फुटक्या भात्याला दुप्पट हात मारावा लागतो, शेवटच्या पानापर्यंत दंड भरून येतो. वरच्या ओळीच्या जागी निसटत्या हवेचा आवाज तेवढा येतो.