दोघांना दिलेली जागा

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात डेटा साठवायची जागा वाटून द्यायचं काम भाऊंकडे होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कोणालाच ‘नाही’ म्हटलं नव्हतं. यात दानत कमी आणि भिडस्तपणा जास्त. औषध विभागाने दहा वाटे मागितले की भाऊ दहा द्यायचे. विभाग वापरायचा दोन. उरलेले आठ मुळात नसायचेच. सगळे एकदम मागायला येत नाहीत, या भरवशावर चालणारी ती रीतच होती. भाऊंना मात्र ती जरा जास्तच मानवली. घरीसुद्धा त्यांचं तेच चालायचं.

घरी वरची एक खोली रिकामी होती. सासरच्यांनी घर विकल्यामुळे भाऊंच्या बहिणीला, ताईला, महिनाअखेरीला बाहेर पडायचं होतं. तिने विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाले, "अगं, विचारतेस काय? खोली तुझीच." पुढच्याच आठवड्यात परगावी असलेला मुलगा म्हणाला, मी बायकोला घेऊन कायमचा परत येतोय. भाऊ त्यालाही हो म्हणाले. तेव्हापासून ते दोघांचेही फोन टाळत होते.

त्या दिवशी सकाळी अपघात विभागाचं मशीन डिस्कच्या जुन्या कपाटातून नव्या कपाटात हलवायचं होतं. मशीन म्हणजे लोखंडी डबा नव्हे, मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा, नुसता प्रोग्रॅमच्या रूपातला कॉम्प्युटर. तो बंद न करता हलवायचा, कारण खाली ॲम्ब्युलन्स यायच्या थांबत नाहीत. डेटा नव्या जागी उतरत राहतो, मधल्या वेळात जे बदलेल ते पुन्हा उतरतं, आणि शेवटी क्षणात कारभार तिकडे जातो. तोवर दोन्हीकडे जागा अडते. जुन्या कपाटातल्या डिस्क एकेक करून मान टाकत होत्या, त्यामुळे आणखी थांबायची सोय नव्हती.

"भाऊ, नवं कपाट भरत चाललंय," शेजारच्या टेबलावरची इंजिनियर म्हणाली.

"भरेल कसं? याचा डेटा तर चिमूटभर आहे."

"डेटा चिमूटभर. पण तुम्ही कबूल केलेली सगळी जागा उतरतेय. रिकामीसुद्धा."

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. वाटा पूर्ण न्यायचा की वापरापुरता, हे निवडायचं ते विसरले होते. त्यातच एक्स-रेच्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या फिल्म्सची प्रत नव्या कपाटात ठेवू का, असं विचारलं होतं, आणि भाऊ अर्थातच हो म्हणाले होते. तीही आत्ताच उतरत होती. कपाट गच्च भरलं असतं तर तिथली प्रयोगशाळेची मशीनं जागच्या जागी थिजली असती.

"एक्स-रेला थांबवायला हवं. मी सांगू का त्यांना?"

"नको. हो मी म्हटलंय." भाऊंनी फोन उचलला. "मॅडम, तुमची प्रत थांबवतोय. उतरली तेवढीही पुसतोय. मूळ फिल्म्स तुमच्याकडे सुखरूप आहेत, पण इथे जागा नाही."

"अहो, तुम्हीच तर दिलीत!"

"दिली नव्हती. नुसतं हो म्हटलं होतं."

पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी ते घेतलं. जागा सुटली आणि दुपारच्या आत मशीन नव्या कपाटात जाऊन बसलं. अपघात विभागात कोणाला पत्ताही लागला नाही. इंजिनियरचा जीव भांड्यात पडला. भाऊंचा नाही. जिन्यात जाऊन त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, वरची खोली मी मुलालाही देऊन बसलोय."



"वाटलंच होतं मला. तू इतक्या पटकन हो म्हणालास ना, तेव्हाच. अजून एक पिशवीसुद्धा भरली नाहीये मी. मग आता खोली कोणाची?"

"तुझी."

"त्याला सांगितलंस?"

"सांगतो ना."

"आधी त्याला सांग, मग मला फोन कर. तोवर मी काही बांधत नाही."

भाऊंना वाईट वाटलं, आणि ते वाटणं रास्तच होतं. त्यांनी मुलाचा नंबर लावला.

"बरं झालं बाबा, फोन केलात. आम्ही खोलीला रंग कोणता द्यायचा तेच बघत होतो."

"रंग राहू दे. ती खोली तुला नाही देता येणार. तिथे आत्या राहणार आहे."

मुलगा मोकळेपणाने हसला. त्याला ती थट्टा वाटली. बापाच्या तोंडून ‘नाही’ त्याने कधी ऐकलंच नव्हतं. भाऊंना ते पुन्हा एकदा म्हणावं लागलं.