तीन कोटेशनं आणि एक बॅटरी

तिकिटावर स्टेशनाचं नाव राणी कमलापती छापलंय, पण माझा दादा अजून हबीबगंजच म्हणतो, आणि तिथे उतरले तेव्हा फलाटावर तोच उभा होता. मी विचारलं, बॅटरी बसवलीस ना? तर म्हणाला, "आधी पोहे खा."

तिथेच माझं डोकं सटकलं. नागपूरहून मी काही भोपाळची तळी बघायला आले नव्हते. दादाची जुनी सात सीटांची डिझेल गाडी रविवारी सकाळी घेऊन निघायचं, सोमवारी शाळेत हजर व्हायचं, एवढंच काम होतं. दादाला डाव्या डोळ्याने आता फार कमी दिसतं. दिवाळीनंतर त्याने शाहपुऱ्याच्या तळ्याजवळ गाडी दुभाजकावर चढवली. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं, वहिनींनी किल्ली लपवली, आणि हा पठ्ठ्या किल्ली शोधण्यात रोजची सकाळ घालवायला लागला. शेवटी वहिनींचा मला फोन आला. "नलूताई, ती गाडी दारातून घेऊन जा. एक दिवस हे कोणाला तरी मारतील, नाहीतर स्वतः जातील." दादाही तयार झाला. फक्त म्हणाला, उभी राहून बॅटरी उतरलीये, नवीन मी बघून ठेवतो. त्यालाही आता दोन महिने झाले होते.

पोह्यांवर शेव, बाजूला जिलबी. भोपाळात हे एकत्रच खातात आणि खरं सांगायचं तर लागतंही छान, पण माझं लक्ष घड्याळाकडे. शाहपुऱ्याला घरी पोचलो तर गाडी आंब्याखाली, काचेवर पाचोळा. किल्ली फिरवली, साधं टक्‌ सुद्धा नाही. मी म्हटलं, शेजाऱ्यांच्या गाडीला तारा जोडून चालू करू आणि निघू. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पूल पाडायला निघालेय. इटारसीच्या पुढे जंगलात बंद पडली तर? हे बोलणं मात्र बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

आता दादाची गोष्ट सांगायला हवी. त्याने सारी नोकरी सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून केली. तिथे साधा स्क्रू घ्यायचा तरी तीन कोटेशनं, मग तुलना, मग निर्णय. निवृत्त झाला तरी घरात तोच कारभार. वहिनींना मिक्सर हवा होता तेव्हा त्या पाट्यावर वाटत बसल्या, कारण तिसरं कोटेशन यायचं होतं. बॅटरीसाठीही तीन हवीत म्हणाला. मी कपाळावर हात मारला आणि रिक्षात बसले.

पहिलं दुकान स्टेशनजवळ. दुकानदार म्हणाला, गाडीचं नाव सांगा, माणूस पाठवतो, चहा संपायच्या आत बसवून देईल. भला माणूस. दादाने बॅटरी कुठल्या महिन्यात बनली, वॉरंटीत बदलून मिळते की नुसती सूट, जुन्या डिझेल इंजिनाला थंडीत फिरवायची ताकद किती, सगळं विचारलं. उत्तरं ठीक होती. मग म्हणाला, हे लिहून द्या. दुकानदाराने कार्डामागे लिहून दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसरं दुकान शाहपुऱ्यातच. तिथल्या बॅटरीची जोडायची टोकं उलट्या बाजूला होती, म्हणजे आमच्या गाडीची तार तिथवर पोचलीच नसती. दुकानदार म्हणाला, ओढून पोचवू. दादा खूश झाला. बॅटरी चुकीची निघाल्याचा इतका आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. मला वाटलं, इंजिनिअर माणूस, चूक सापडली की पोट भरतं त्याचं.

ऊन चढलं होतं. एका खाणावळीत दाल-बाफले (कणकेचे गोळे उकडून भाजतात आणि तुपात बुडवतात) खाल्ले, त्याने सुस्ती आली, आणि सुस्तावलेली मी दादाच्या मागून जुन्या शहराच्या बाजूला, जिन्सीला गेले. तिसरं दुकान. बाहेर पटिया (बसायचा दगडी कट्टा), त्यावर दुकानाचे म्हातारे मालक. दादाला बघताच हसले, चहा मागवला आणि मला म्हणाले, "बहनजी, अच्छा हुआ आप आईं. बाबूजी तो दो महीने से आ रहे हैं. रेट पूछते हैं, चाय पीते हैं, चले जाते हैं. बैटरी मैंने अलग रखवा दी है इनकी."

मी दादाकडे पाहिलं. तो चहाकडे बघत होता. इथला चहा थोडा खारट असतो, मी माझा कप पटियावर ठेवला.

"दादा, तुला बॅटरी घ्यायचीच नाहीये."

"घ्यायचीये ना," तो म्हणाला. मग त्याने कपातला चहा संपवला. "पण बसवली की तू घेऊन जाशील."

मला रडू आलं, आणि संतापही आला. संताप कोणावर, ते कळेना. त्याच्यावर म्हणावं तर त्याचा डोळा काही त्याने मुद्दाम घालवला नव्हता. पचमढीला, महेश्वरला, आमच्या आईला दवाखान्यात, सगळीकडे याच माणसाने याच गाडीने नेलं होतं. आणि आता त्याने भाजी आणायलाही दुसऱ्याची वाट बघायची. मी उठले आणि मालकांना सांगितलं, ती बाजूला ठेवलेली द्या. दादाने हरकत घेतली नाही. फक्त बनल्याचा महिना वाचून घेतला.

घरी येऊन बॅटरी बसवणाऱ्या माणसाने बोनेट बंद केलं तेव्हा दादा म्हणाला, एकदा मी चालू करतो. वहिनी दारात आल्या. मी त्यांना खुणेने थांबवलं आणि दादाला किल्ली दिली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला, गिअर घातला नाही. इंजिन गरम होईस्तोवर बसला, मग उतरला, वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, उद्या नागपूरपर्यंत येतो मी, दुसरा गिअर अडकतो, तुला जमायचं नाही.

आला की. आणि बैतूलचा घाट, मुलताई, पांढुर्णा, रस्ताभर माझं डोकं खाल्लं. क्लच सोड, ट्रकच्या मागे लागू नकोस, हॉर्न कशाला. दुसरा गिअर एकदाही अडकला नाही. सोमवारी मी शाळेत जायला निघाले तेव्हा तो रेल्वेने परत जात होता. गाडीकडे वळून न बघता रिक्षात बसला.

आता गाडी माझ्या दारात आहे. दर रविवारी दादाचा फोन येतो, गाडी चालू केलीस का? उभी ठेवलीस तर बॅटरी उतरेल. मी बोनेट उघडते, इंजिन चालू करते आणि फोन तिथे धरते. तो बराच वेळ ऐकतो. गेल्या महिन्यात म्हणाला, आवाज जरा जड येतोय, मेकॅनिकला दाखव. एकाला नको, तिघांना विचार.

तेव्हापासून दर रविवारी तो विचारतो, आणि मी सांगते, एकालाच दाखवलंय अजून, दोघे बाकी आहेत. तो चिडतो, मला आळशी म्हणतो, पुढच्या रविवारी पुन्हा फोन करतो. त्या दोघांकडे मी जाणार नाहीये.