मावशीची पकड

आमच्या प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात उंदीर धरावा तर सगळे जिला मावशी म्हणायचे तिनंच. बाकीच्यांनी धरला की तो चावायचा, किंचाळायचा, हातावरच लेंड्या टाकायचा. तिच्या हातात मात्र पाठीवर निवांत पडून राहायचा. मानेमागची कातडी चिमटीत, शेपूट करंगळीखाली, हनुवटी छताकडे. मग नाकपुडीवर औषधाचा थेंब सोडायचा आणि उंदीर तो स्वतः आत ओढेपर्यंत थांबायचं. मान जरा वाकडी झाली की थेंब फुप्फुसात उतरतो आणि जीव गुदमरतो. त्यासाठी उंदराला आधी कित्येक दिवस नुसती हाताची सवय लावावी लागते. मी मूळची पिंजरे धुणारी. हे शिकताना मावशीनं माझी पिसंच काढली. "उंदीर धरतेस की भांडं घासतेस?" म्हणायची.

प्रयोग करणाऱ्या मॅडमचं औषध मेंदूच्या एका आजारावर होतं, बिघडलेल्या जनुकाला गप्प करणारं. रक्तातून दिलं तर मेंदू त्याला दारातच अडवतो. म्हणून ते अतिसूक्ष्म नॅनोकणांत गुंडाळून नाकावाटे पाठवायचं, कारण नाकाच्या छतातल्या नसा थेट मेंदूत जातात. मॅडमनी हे सगळं समजावलं तेव्हा मावशीनं एकच विचारलं, "आजार कुठला?"

मॅडमनी नाव सांगितलं. मावशी पिंजऱ्याचं झाकण लावत बसली.

तिचा बाप त्याच आजारानं गेला होता. आधी हातपाय आपोआप नाचायला लागले, मग बोलणं गेलं, शेवटी पोटची पोरं ओळखेना. भाऊ आता त्याच वाटेवर होता. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. मावशीनं स्वतःची तपासणी कधी केली नाही. "कळून काय लोणचं घालायचंय?" म्हणायची. तिला नसेल तर तिची एकुलती एक लेक सुटली, असेल तर लेकीचंही नाणं हवेतच. लेकीला हे पक्कं माहीत होतं, आणि दोघी त्यावर चकार शब्द काढत नसत.

औषध फार थोडं बनायचं, थेंबही वाया जाता कामा नये अशी ताकीद होती. मग न ठरवताच ठरलं की औषधाचे उंदीर मावशीकडे आणि तुलनेसाठी ठेवलेले, साध्या पाण्याचे माझ्याकडे. चांगल्या हाताला महत्त्वाचं काम. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मॅडमनाही नाही.

आणि मावशीचे उंदीर मरायला लागले. माझे टुणटुण उड्या मारत होते. मॅडमनी मेलेल्यांची फुप्फुसं पाहिली तर ती सुजून पाण्यानं भरलेली. "औषधच घातक दिसतंय," त्या म्हणाल्या. "बंद करावं लागेल."

त्या दिवशी पिंजरे धुण्याच्या खोलीत मावशीनं दार लावलं आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. "बघ."

करंगळी आपोआप उडत होती. कुणीतरी दोरा ओढावा तशी.

"दमली असशील," मी म्हटलं.

"बापाचंही करंगळीपासूनच सुरू झालं. शेपूट सुटत होती गं माझ्याकडून, मान वाकडी होत असणार. औषध चांगलंच असेल, मीच मारले ते उंदीर. आता बोलले नाही तर औषध कचऱ्यात जाईल. उद्या पोरीला त्याची गरज पडली तर? आणि बोलले तर पोरीला सगळं कळेल."

मला तर रागच आला. म्हटलं, गप्प बस, मॅडमच्या औषधासाठी स्वतःच्या घराला काडी लावू नकोस. पण ती माझं ऐकते थोडीच! संध्याकाळी तिनं लेकीला सांगितलं आणि सकाळी मॅडमना. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. एकीच्या हातात सगळं औषध, दुसरीच्या हातात सगळं पाणी, मग दोष हाताचा की औषधाचा हे कळणार कसं? त्यांनी प्रयोग पुन्हा करायचं ठरवलं. मावशीला घरी बसवलं. लेकीनं कामावर जाणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली.

या खेपेला औषधाचे उंदीर मी धरले. पोटच्या पोरालाही इतकं जपून धरलं नसेल. शिवाय मॅडमनी दुसऱ्या प्रयोगशाळेतून एक पटाईत माणूस बोलावला. आम्हा दोघांनाही दोन्ही प्रकारचे उंदीर दिले. पाण्याचे जगले. औषधाचे माझ्या हातातले मेले, त्याच्याही मेले. थोडं औषध तर कुणाच्याही हातून छातीत उतरतंच, आणि ते कण तेवढ्यानंही फुप्फुसं जाळत होते. मॅडमनी औषध बंद केलं.

हे सांगायला मी मावशीच्या घरी गेले. एकच खोली. लेक खाटेवर पडलेली, मावशी कडेला बसलेली. मी सांगून टाकलं.

"तुझ्या हातातलेसुद्धा?" मावशीनं विचारलं.

"हो. त्या माणसाच्याही."

तिचा चेहरा उतरला. "माझा हातच वाईट निघायला हवा होता," ती पुटपुटली. "औषध तरी राहिलं असतं."

लेक ताडकन उठून बसली. "म्हणजे उंदीर आईच्या हातामुळे नाही मेले?"

"नाही," मी म्हटलं. खरंच होतं ते.

"म्हणजे हाताला काही झालेलंच नाही! उगाच घाबरलीस तू, आई! उगाच!" ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि तिनं आईला मिठी मारली.

मावशीचा डावा हात लेकीच्या पाठीवरून फिरत होता. उजवा तिनं स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला होता.

"हो गं बाई," ती म्हणाली. "काही झालेलं नाही." आणि लेकीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली, मीही तेच म्हणावं म्हणून.

मी म्हटलं.