डावीकडच्या सीटवरून काका

वाहतुकीचे नियम मनापासून पाळणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो ज्या देशाचे नियम पाळत असे त्या देशात तो राहत नसे. माझ्या आईच्या मावसभावाचे ते साडू. या नात्याला मराठीत शब्द असेलही, पण मला ठाऊक नाही, म्हणून मी त्यांना काका म्हणते. बावीस वर्षं न्यू जर्सीत काढून ते आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आले आणि आल्या आल्या त्यांना कळलं, की अमेरिकेचा परवाना इथे बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, सक्तीच्या बारा शिकवण्या, मग प्रत्यक्ष परीक्षा. तोवर गाडीच्या पुढे-मागे लाल अक्षरातली एल पाटी आणि शेजारी निदान दोन वर्षं पक्का परवाना असलेला माणूस. काकू पहिल्याच फटक्यात पास झाल्या होत्या, याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे. पण त्यांना अजून दोन वर्षं व्हायची होती, आणि तेवढ्यात मुलीच्या बाळंतपणाला त्या अमेरिकेलाही गेल्या. माझं ऑफिस कारखान्याच्याच वाटेवर, माझा परवाना तीन वर्षं जुना. अशा रीतीने बावन्न वर्षांच्या अनुभवी गृहस्थांना सांभाळायला मी बसू लागले.

सकाळी सव्वासातला ते ऐटीत यायचे आणि थेट गाडीच्या डाव्या बाजूचं दार उघडायचे. आत स्टिअरिंग नाही हे दिसलं, की क्षणभर थांबून दार धरून ठेवायचे आणि म्हणायचे, "बस गं. अमेरिकेत बायकांसाठी दार उघडतात." अमेरिकेत ते रोज चुकून कुठलं दार उघडत असतील, हे मी कधी विचारलं नाही. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. मोठ्यांशी वाद घालायला लागणारे मराठी शब्द मला वेळेवर सापडत नाहीत, म्हणून मी गप्प बसते. लोक त्याला संस्कार म्हणतात.

राउंडअबाउटवर, म्हणजे गोलाला वळसा घालून जायच्या चौकात, त्यांचा खरा जीव जायचा. "तिकडे चार रस्त्यांवर चार गाड्या थांबतात. जो आधी आला तो आधी जातो. याला म्हणतात लोकशाही! इथे उजवीकडून येणारा राजा, आणि तो संपेपर्यंत आपण प्रजा." मग मोकळ्या राउंडअबाउटवरही ते लोकशाही पद्धतीने थांबायचे आणि कोणीतरी येईपर्यंत वाट बघायचे, कारण कोणी आलंच नाही तर आधी कोण आलं हे ठरणार कसं? एकदा शाळेची बस समोरच्या बाजूला मुलं उतरवत होती. काका आपल्या बाजूला करकचून थांबले. मागे नऊ गाड्या. शेवटी मागचा माणूस उतरून खिडकीशी आला आणि काही त्रास होतोय का म्हणून काळजीने विचारू लागला. काकांनी त्याला स्कूलबस थांबली की दोन्ही बाजूंनी थांबायचा न्यू जर्सीचा कायदा दंडासकट समजावून सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत 'बरं बरं', म्हणून तो परत गेला. "ग्रँड म्हणजे पटलं ना त्याला?" मी हो म्हटलं.

कारखान्याकडे जाणाऱ्या आडरस्त्याच्या मधोमध गवत उगवतं. तिथे समोरून येणारा प्रत्येक जण, ट्रॅक्टरवाला असो की पोस्टमन, स्टिअरिंगवरचं पहिलं बोट जरासं उचलतो. पहिल्याच दिवशी तिघांनी उचललं आणि काकांनी तीनदा गाडी थांबवून टायर, दिवे आणि डिकी तपासली. "काहीतरी चुकतंय गं. न्यू जर्सीत बोट दाखवलं की भांडण असतं!" मी सांगितलं, की हा इथला नमस्कार आहे. "ओळख ना देख, नमस्कार कशाला?"  तीन वर्षांत मीही एकदाही बोट उचललं नव्हतं.

नात झाली आणि काकांनी फोनवर जाहीर करून टाकलं, "विमानतळावरून तिला मी आणणार. माझ्या गाडीतून." दोन परीक्षांत तोवर ते नापास झाले होते. तिसरी, लेक येण्याच्या चार दिवस आधी. राउंडअबाउटवर त्यांनी सहा गाड्यांना जाऊ दिलं. परीक्षकांनी 'प्रगती', म्हणजे गाडी वेळेवर पुढे नेणे, या सदरात चुकांच्या खुणा केल्या. "प्रगती नाही," काका कागदाकडे बघत म्हणाले, "हा शेरा मला चौथीतही मिळाला नव्हता." मग कारखान्यापर्यंत अमेरिकेचं नाव नाही. 

त्या शनिवारी मी पोचले, तर गाडी धुतलेली आणि दोन्ही एल पाट्या गायब. "तू घरी जा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "अर्ध्या तासाचा तर रस्ता. नात पहिल्यांदा आजोबांच्या गाडीत बसणार, आणि त्या गाडीवर शिकाऊची पाटी? एक दिवस गं. फक्त एक दिवस."

रिकाम्या रस्त्यावरही थांबणारा माणूस हे म्हणत होता.  "काका, पाट्या लावा," मी म्हणाले. "नाहीतर किल्ली द्या, मी जाते." मी मोठ्यांना मराठीत दिलेली ही सगळ्यात लांब सूचना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत गेले, स्वयंपाकघरातल्या कपाटातून पाट्या आणल्या आणि पुढची स्वतः लावली. मागची माझ्या हातात दिली.

परत येताना काकू, लेक आणि तीन महिन्यांची नात मागे. "बाबा, एल?" लेक हसली. "शिकतोय," काका म्हणाले आणि राउंडअबाउटवर जागा मिळताच सुळकन आत शिरले. पुढे लाल दिव्याला लेक म्हणाली, "रस्ता मोकळा आहे, वळा ना." काका दुखावले. "तुमच्याकडे वळत असतील लाल दिव्यावर. पायी चालणाऱ्याने काय करायचं मग?" 'तुमच्याकडे' ऐकून काकूंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. घराच्या वाटेवर समोरून ट्रॅक्टर आला, आणि काकांचं बोट आपसूक उचललं गेलं.

चौथ्यांदा ते पास झाले. नवशिक्यांची एन पाटी दोन वर्षं लावायची होती, पण तेवढी वर्षं ते इथे राहिलेच नाहीत. नात तिकडे, आपण इकडे, हे काही जमेना. परवा न्यू जर्सीहून फोन आला. "इथल्या लोकांना शिस्तच नाही गं. मी बोट उचलतो, तर काच खाली करून शिव्या देतात."

"कुठलं बोट उचलता, काका?"

"आयर्लंडचंच!"

मी अजून त्याच गवताच्या रस्त्याने जाते. शेजारची सीट रिकामी असते. समोरून कोणी आलं, की मी बोट उचलते, ओळख ना देख. परवा तर समोरच्याच्या आधी मीच उचललं.