लिमये मॅडमचं ‘बसणं’

लिमये मॅडम “आज बसायचंय” म्हणाल्या की नवे डॉक्टर एकमेकांकडे बघत. आमच्या बॅचचा कोल्हापूरचा शिंदे तर पहिल्यांदा फरसाणाची पिशवी घेऊनच आला. मॅडमनी पिशवी शांतपणे उघडली, मूठभर फरसाण घेतलं आणि म्हणाल्या, “बाटली नाही हो मिळायची. पण हे दर वेळी आणत जा.”

मॅडम रत्नागिरीला आमच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. वॉर्डात काही वाईट घडलं, पेशंट अचानक गेला किंवा हातखंब्याच्या हायवेवरून अपघाताच्या केसेस एकदम आल्या, की तिथे असलेल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं. काय झालं आणि मनात काय राहिलं, ते बोलायचं. पुस्तकात याला डीब्रीफिंग म्हणतात. मॅडम त्याला नुसतं ‘बसणं’ म्हणत. ते चालवायचं कसं, हे त्या आम्हा शिकाऊ डॉक्टरांना शिकवत.

सरावासाठी त्यांनी स्वतःचे मोदक दिले. गणपतीत त्यांच्या घरचे उकडीचे मोदक झाडून सगळे फुटले होते. डबा टेबलावर ठेवून म्हणाल्या, “ही दुर्घटना. मी घाबरलेली सिस्टर. शिंदे, चालव.”

शिंदेने घसा साफ केला. “उकड कुणी काढली?”

“झालं. आता मी तोंड उघडत नाही,” मॅडम म्हणाल्या. “अरे, कुणी केलं हे विचारायला पोलीस आहेत. तू विचार, काय झालं.”

त्या दिवशी आम्ही चमच्याने सारण खात खात प्रश्न विचारायला शिकलो. मी राजापूरची, जन्माची बडबडी. मला त्या म्हणत, “विचारलंस ना? मग गप्प राहा. माणसाला आत जाऊन परत यायला वेळ लागतो गो.”

एका दुपारी नाग चावलेला लहान मुलगा आला आणि आमच्या हातांत गेला. नाईक सिस्टर वॉर्डातल्या सगळ्यात अनुभवी. त्यांनी हातमोजे काढले आणि म्हणाल्या, “मी राजीनामा देते.” मॅडम माझ्याकडे वळल्या. “आज तू चालव. मी मागे बसते.”

रिकाम्या ओपीडीत आम्ही बसलो. मी विचारलं, “काय झालं ते कुणी सांगेल का?” कुणीच बोलेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मॅडम नुसत्या खाकरल्या. मी ते मिटलं.

बऱ्याच वेळाने सिस्टर म्हणाल्या, “मला शीर मिळायला उशीर झाला. माझ्यामुळे गेला तो.”

‘नाही हो सिस्टर’ हे शब्द मी गिळले. “तो आला तेव्हा कसा होता?”

उत्तर शिंदेने दिलं. “श्वास थांबतच आला होता. नळी मी घातली. शिरा पार बसल्या होत्या, मलाही एक दिसली नाही.”

“हे मला बोलला नाहीस तू,” सिस्टर म्हणाल्या.

“मला वाटलं, चूक माझीच झाली, सिस्टर.”

मग दोघंही रडले. सावरल्यावर त्यांनीच ठरवलं, की पुढच्या वेळी लहान मुलाची शीर मिळेनाशी झाली तर दुसऱ्याने न थांबता औषधासाठी सरळ हाडात सुई घालायची. राजीनाम्याचा विषय निघाला नाही.

सगळे गेल्यावर मॅडमनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. “आता तू.”

“मी काय?”

“त्या पोराला तूही पाहिलंस.”

मग मी सांगितलं. त्याच्या मुठीत आईचा पदर होता, तो मी सोडवला होता. माझं रडून झाल्यावर स्कूटरवर मागे बसवून मला मांडवीच्या किनाऱ्यावर घेऊन गेल्या आणि दोघींनी भेळ खाल्ली. वर तिखट कमी म्हणून त्या भेळवाल्याशी भांडल्यासुद्धा.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. आता नव्या मुलांना मी शिकवते. निरोपाच्या दिवशी हारतुरे आवरून त्यांनी मला बाजूला घेतलं. “तू सगळ्यांचं ऐकशील. तुझं कोण ऐकणार, ते ठरवलंस?”

“नाईक सिस्टर,” मी म्हटलं.

“तिला विचारलंस?”

“त्याच म्हणाल्या.”

मॅडमनी पर्स खांद्याला लावली. “मग मी जायला मोकळी,” म्हणाल्या आणि स्कूटर काढायला गेल्या.